मी दादाची सिगरेट सोडवली

मी जन्मात कधी सिगरेट ओढली नाही. तरी दोन-तीन वर्षं अशी गेली की दुबईत इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला व्हेपबद्दल, म्हणजे त्या बॅटरीवरच्या सिगरेटबद्दल, काही विचारायचं असलं की ते आमच्याच दाराची बेल वाजवायचे. कुठला घ्यावा, चार्जिंग किती वेळ करावं, ठसका लागतो त्याचं काय, पुदिन्याचा फ्लेवर बरा की कॉफीचा, मला सगळं तोंडपाठ होतं. नवरा चिडवायचा. म्हणायचा, बाहेर पाटी लाव, धूम्रपान सुधार केंद्र, शनिवार-रविवार चालू.

सुरुवात त्याच्यापासूनच झाली होती. तो गाडीत ओढायचा. उन्हाळ्यात इथे काच खाली करायची सोय नाही, एसी लावला की तो वास सीटमध्ये, माझ्या ओढणीत, लेकीच्या युनिफॉर्ममध्ये. लेकीला शाळेत कुणीतरी विचारलं, तुमच्या घरी कोण स्मोक करतं? त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची फिलिपिनो बाई व्हेप ओढायची, तिनं मला दुकान दाखवलं, मी एक सेट आणून नवऱ्याच्या पुढ्यात आपटला आणि म्हटलं, आजपासून हे, नाहीतर मी अजमानला वेगळी खोली घेते. तीन आठवड्यांत त्याची सिगरेट सुटली. मग त्याच्या मित्राची सुटली, मग खालच्या मजल्यावरच्या एका मावशींच्या यजमानांची. मला चढली होती, खोटं कशाला सांगू? लोक आपलं ऐकतात आणि सुधारतात, ह्याची एक वेगळीच नशा असते.

आणि मग दादा. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. सोळा वर्षं अल क्वोजमध्ये एका टाइल्सच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि तिथंच कंपनीच्या खोलीत राहायचा. वहिनी गावाला, संगमेश्वरच्या बाजूला. रविवारी दोन बस बदलून तो माझ्याकडे जेवायला यायचा, येताना बांगडे आणायचा, आणि पोटभर जेवला की लिफ्टनं खाली जाऊन सिगरेट ओढून यायचा. दिवसाला पंधरा-सोळा ओढायचा. मी कितीदा बोलले असेन. तो हसायचा आणि म्हणायचा, "होय गो बाय, सोडतो."

फोर्कलिफ्टवर बसून बसून कंबर जाते. दिवसभर ते धक्के, आणि मागे बघायचं तर अख्खं अंग पिळायचं. दादाची कंबर गेलीच, वर डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या आणि मग अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालं. मी त्याला घेऊन क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरनं एमआरआय बघून सरळ सांगितलं, नस दबते आहे, मणके स्क्रूनं जोडावे लागतील. "सात-आठ महीने के अंदर करा लो," तो म्हणाला, "नहीं तो पैर में जो सुन्न है, वो हमेशा के लिए रह जाएगा. और सिगरेट पूरी बंद. पीते रहोगे तो हड्डी जुड़ेगी नहीं."

कंपनीच्या इन्शुरन्समध्ये गोळ्या बसत होत्या, ऑपरेशन बसत नव्हतं. त्यात काही नवीन नाही. इथल्या माणसाची सगळी मोठी कामं सुट्टीत बसवायची असतात. मुलीचं लग्न सुट्टीत, घराचा स्लॅब सुट्टीत, आईचं वर्षश्राद्ध सुट्टीत, दातांची कवळीसुद्धा सुट्टीत. तारखा आधी कंपनीच्या, मग बाकीच्यांच्या. दादाची सुट्टी दोन वर्षांतून एकदा, तीस दिवस. पुढची सात महिन्यांवर होती. डॉक्टरनं दिलेल्या मुदतीत अगदी चोख बसत होती. कोल्हापुरात एक सर्जन ठरवला, तिकीट काढलं. राहिली सिगरेट.

"ते माझ्यावर सोड," मी म्हटलं.

दुकानात लिक्विडच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात. त्यावर आकडा असतो, तीन, सहा, बारा, वीस. जितका आकडा मोठा तितकं निकोटीन जास्त. दुकानदार चांगला होता बिचारा. त्यानं विचारलं, कितना पीते हैं? मी सांगितलं. तो म्हणाला, बारहवाला ले जाओ मॅडम, फिर हर महीने कम करते जाना. मी विचारलं, आणि वीसवाली कितीला? तेवढ्यालाच. पस्तीस दिरहॅम, म्हणजे आठशे रुपयांच्या वर. त्याच पैशात जास्त मिळत असताना कमी घेणारी मी नव्हे. शिवाय मनात हेही होतं की एकदम कडक दिलं की त्याला सिगरेटची आठवणच यायला नको. माझा रेकॉर्ड चांगला होता, तो मला दादावर घालवायचा नव्हता.

लेक तेव्हा बारावीत होती. सोफ्यावर लोळत तिनं बाटली हातात घेतली, मागचं लेबल वाचलं आणि म्हणाली, "आई, इट्स स्टिल निकोटीन. यू नो दॅट, राइट?"

"तू तुझा अभ्यास कर," मी म्हटलं. "धूर नाही, राख नाही, डांबर नाही. मामाच्या छातीत काही जात नाही."

माझ्या डोक्यात सिगरेट म्हणजे धूर होता. धूर गेला की सिगरेट गेली. हाडाचा आणि निकोटीनचा काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. मी एवढं सगळं वाचलं होतं, बॅटरीबद्दल वाचलं, कॉइलबद्दल वाचलं, फ्लेवरबद्दल वाचलं. हे एवढं मात्र वाचलं नाही.

पहिल्या आठवड्यात दादा खोकून खोकून बेजार झाला. नवव्या दिवशी त्याचा फोन आला, "बंद केली गो बाय. कालपासून एक नाही." मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी होते, तिथंच रडले. चाळीस वर्षांच्या आसपासची सवय होती त्याची. आमच्या वडिलांना जमलं नव्हतं ते.

पुढे काय झालं ते मला दर रविवारी समोर दिसत होतं, फक्त मी त्याचा उलटा अर्थ लावत होते. आधी दादा सिगरेट ओढायला गोदामाच्या मागे जायचा. तिथं एक पठाण ड्रायव्हर, दोन बंगाली, असे चौघं उभे राहायचे, कधी कधी एकच सिगरेट चौघांत फिरायची. व्हेप कुणी हातात घेईना. सिगरेटचं त्यांना काही वाटायचं नाही, पण हे प्लॅस्टिकचं तोंड उष्टं वाटायचं. मग दादानं मागे जाणं सोडलं. व्हेप शर्टाच्या खिशात असायचा, फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या एक झुरका, खोलीत कॉटवर आडवं पडून एक झुरका, उठल्याबरोबर चहाच्या आधी एक. वास नाही, त्यामुळे कुणी हटकायचं नाही. माझ्याकडे जेवायला बसला तरी दोन घासांमध्ये त्याचा हात खिशाकडे जायचा. नवऱ्याला एक बाटली पंधरा दिवस पुरायची, दादाला पाच. मी म्हणायचे, आवडलं बाई ह्याला! आणि तीन-तीन बाटल्या आणून ठेवायचे. वीसच्याच. दुकानदारानं दोनदा आठवण केली, मॅडम, अब कम करो. मी म्हटलं, चाललंय ते कशाला बिघडवायचं?

सात महिने असे गेले. सुट्टी लागली. मीही दहा दिवसांची रजा काढून बरोबर गेले, कारण वहिनी एकट्या हॉस्पिटलचं काय काय बघणार? भारतात व्हेपला बंदी आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून निघताना मी तो दादाच्या खिशातून काढून माझ्या कपाटात ठेवला. चौथ्या दिवशी कोल्हापूरला गेलो तोवर दादाला घाम फुटत होता, गाडीत दोनदा वहिनींवर ओरडला. मी म्हटलं, ऑपरेशनची भीती असेल.

सर्जन तरुण होता, शांत बोलायचा. फिल्म बघितल्या, पायाला सुई टोचून बघितली, मग फाइल पुढे ओढली.

"तंबाखू, सिगरेट?"

"बंद," दादा म्हणाला.

"कधीपासून?"

"सात महिने होतील."

सर्जननं मान हलवून लिहायला घेतलं. आणि मला गप्प बसवेना. माझं कौतुक तिथं कुणी करत नव्हतं ना! मी म्हटलं, "मीच सोडवली, डॉक्टर. व्हेपवर आणलं त्याला. तिकडे दुबईत सगळं चांगलं मिळतं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे ई-सिगरेट. त्यात निकोटीन असतं ना?"

"असतं थोडंसं," मी म्हटलं.

थोडंसं! मी ते अगदी सहज बोलले. दादा माझ्या शेजारी बसला होता, तो भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिला.

सर्जन रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदावर दोन मणके काढून दाखवले आणि समजावलं, "हाड धरायला रक्त पोचावं लागतं. निकोटीननं बारीक शिरा आवळतात. ते सिगरेटमधून येवो, तंबाखूतून येवो नाहीतर तुमच्या व्हेपमधून, हाडाला काही फरक पडत नाही. मी उद्या स्क्रू घालीन हो, पण सहा महिन्यांनी ते ढिले होतील आणि मला परत उघडावं लागेल. सहा आठवडे पूर्ण कोरे राहा. मी लघवी तपासून घेईन. मग करू."

सुट्टीचे सव्वीस दिवस उरले होते.

दादानं तिथूनच, हॉस्पिटलच्या पायरीवरून, सुपरवायझरला फोन लावला. स्पीकर चालू होता. पलीकडून उत्तर आलं, "हबीबी, तीस दिन मतलब तीस दिन. इकतीसवें दिन दूसरा ड्रायव्हर बैठेगा. खलास." दादानं ठीक है म्हणून फोन ठेवला. घर, दोन मुलांची कॉलेजं, सगळं त्या नोकरीवर. त्याला दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर वहिनींनी चहा टाकला, माझ्यापुढे कप ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "मग वन्सं, सात महिने केलं काय?" त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं. मला जमिनीनं गिळलं असतं तर मी गेले असते.

मी दहा दिवसांनी परत आले. दादा त्याच्या तारखेला आला. मी त्याला आणायला एअरपोर्टवर गेले. तो लंगडत बाहेर आला, अंगाला सिगरेटचा वास. गावाला पुन्हा सुरू केली होती, कुणासाठी थांबायचं आता? त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणलंस?" आणि माझ्या पर्समध्ये व्हेप होता. चार्ज करून, भरून. मीच दिला.

दोन महिने तसेच गेले. पाय आता घोट्यापर्यंत जड झाला होता. कंपनीनं त्याला फोर्कलिफ्टवरून उतरवलं आणि गेटवर कंटेनरचे नंबर लिहायला बसवलं, पगार कमी करून. मग एका रविवारी, जेवण झाल्यावर, तो म्हणाला, "बाय, एक काम कर. खालनं सिगरेटचं पाकीट आण."

माझा पारा चढला. मी त्याला नाही नाही ते बोलले. लाज नाही वाटत का, पायाची वाट लागली तरी, आणि मलाच सांगतोस? तो ऐकून घेत राहिला. मी दमले तेव्हा म्हणाला, "सिगरेट संपते गो. विझवायला लागते. दुसरी पेटवायची तर उठायला लागतं, जिना उतरायला लागतो. ती मोजता येते. तुझं हे सुरू कधी होतं नि संपतं कधी, तेच कळत नाही. कमी तरी कशातलं करू मी?"

मी खाली ग्रोसरीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातानं सिगरेट विकत घेतली. ग्रोसरीवाला मला ओळखायचा, मीच त्याला व्हेपवर लेक्चर दिलं होतं. "मॅडम, आप?" म्हणून तो हसला. मी पैसे ठेवले आणि वर आले.

त्यानंतर पाकिटं माझ्या घरी, चहाच्या डब्यांमागे राहायची. रविवारी मी त्याला आठवड्याच्या मोजून द्यायचे, दर रविवारी आदल्या रविवारपेक्षा पाच कमी. व्हेप मी कचऱ्यात टाकला. लेक म्हणाली, "ड्यूड, यू आर रॅशनिंग मामा!" आणि मग तिनंच भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहून दिले. सरळ काही झालं नाही. एकदा त्यानं मधल्या वारी स्वतः पाकीट घेतलं आणि रविवारी येऊन सांगितलं. दोनदा आम्ही भांडलो. रमझानमध्ये दिवसा रस्त्यात कुणी ओढत नाही, त्याचा फायदा झाला. पाच महिन्यांनी एक रविवार आला, मी डबा पुढे केला आणि तो म्हणाला, राहू दे.

पुढची सुट्टी मिळायला आणखी सात महिने लागले, तीही बिनपगारी. लघवी तपासली, कोरी निघाली, ऑपरेशन झालं. कंबर आता दुखत नाही. हाड उत्तम धरलंय म्हणून सर्जननं फिल्म आम्हाला कौतुकानं दाखवली. पायाचं विचारलं तेव्हा म्हणाला, नस फार दिवस दबून राहिली, जेवढं यायचं तेवढं आलं. आधी आला असतात तर कदाचित.

आता मी कुणाला व्हेपबद्दल काही सांगत नाही. विचारलं तर म्हणते, डॉक्टरला विचारा. दादाला मात्र ते पटत नाही. गेल्या महिन्यात रविवारी तो जेवून बसला होता आणि समोरच्या फ्लॅटमधला नवीन मुलगा विचारायला आला, आंटी, तुम्हाला माहीत असतं म्हणे. मी नाही म्हणायच्या आत दादाच म्हणाला, "हिला विचारा, हिला. माझी चाळीस वर्षांची सिगरेट हिनं सोडवली." केवढ्या अभिमानानं! मी भांडी घासायला आत निघून गेले.

तासाभरानं तो निघाला. मी दारात उभी होते. कॉरिडॉरमधून तो लिफ्टकडे गेला, आणि डाव्या पायातली चप्पल मध्येच राहिली. त्याला कळलंच नाही. एक पाय चपलेत, एक अनवाणी, तो तसाच पुढे चालत लिफ्टपाशी पोचला आणि बटण दाबून उभा राहिला. मी चप्पल उचलली आणि त्याच्यापाशी गेले.

"दादा," मी म्हटलं, "त्या बाटल्या वीसच्या होत्या. सगळ्यात कडक. दुकानदार बाराची देत होता, मी घेतली नाही. कमीही करत आणली नाही. आणि डॉक्टरला थोडंसं म्हणून सांगितलं."

"ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"बाटलीवर लिहिलेलं असायचं की. सातवीपर्यंत शिकलोय मी."

"मग बोलला का नाहीस? कमीची आण म्हणायचं होतंस. मला झेपत नाही म्हणायचं होतंस."

त्यानं भिंतीला हात टेकला, खाली बघितलं आणि पाय चपलेत सरकवला. बघितल्याशिवाय त्याला आता ते जमत नाही.

"तू दर रविवारी दारातच विचारायचीस, किती दिवस झाले म्हणून," तो म्हणाला. "केवढी खूश असायचीस तू. म्हटलं, कशाला मोडता घाला."

लिफ्ट आली. मी दार तसंच उघडं टाकून त्याच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत गेले, त्याच्या डाव्या बाजूनं, पायाकडे बघत.